खिडकी लावणार नाही

"तुझी आत्या गेली. खिडकी लावून आलोय." बाबा दारातच उभे राहून म्हणाले. बो बासेंहून बस बदलत बदलत बेटाच्या दुसऱ्या टोकाला, माझ्या सासरी, कांप दे मास्कला आलेला माणूस, सख्खी बहीण गेलेली, आणि सांगतोय काय, तर खिडकी लावली! मला रडायच्या आधी रागच आला. कारण त्या खिडकीवरून या दोघा भावंडांचं वर्षानुवर्षं भांडण चाललं होतं.

आतोबा पोर्ट लुईच्या बंदरात मुकादम होते. खलाशांकडून ते जुन्या तबकड्या घ्यायचे. लाखेच्या, जड, हातातून सुटल्या की कपबशीसारख्या फुटणाऱ्या. त्यांवर अमेरिकेतले कर्णे, पियानो आणि घोगऱ्या गळ्याच्या बायका. आतोबांना त्या गाण्यातला एक शब्द कळत नसे. "कळायचं काय त्यात? पाय हलतात ना!" म्हणायचे. मग एक दिवस ते अचानक गेले. तेरावं झालं, आणि लगेचच्या रविवारी दुपारी आत्यानं रस्त्याकडची खिडकी सताड उघडली, ग्रामोफोनला चावी दिली आणि आतोबांची आवडती तबकडी लावली.

बाबा समोरच राहायचे. तसेच अनवाणी धावत आले. "आरेत सा! बंद कर म्हणतो ना! विधवा बाई तू, दिमुन, चार लोक काय म्हणतील?"

"दिमुनला देवानं कान दिलेत. ऐकू दे की."

"देवाला मध्ये आणू नकोस."

"का? गणपतीचे कान तर सुपाएवढे. त्याला चालतं, तुलाच चालत नाही. आणि मेलं कोंबडं आगीला भीत नाही, दादा."

त्यानंतर रविवार चुकला नाही. बाबांनी बोलणं सोडलं, भाऊबीजेला जाणं सोडलं... आत्यानं खिडकी नाही सोडली. आई मात्र चोरून मदतीला जायची. एकदा गणपतीच्या आधीची साफसफाई चालली होती. देव्हाऱ्यातलं पितळ झालं, आरसे झाले, मग आईनं त्याच स्पिरिटच्या बोळ्यानं ती आवडती तबकडी गोल गोल पुसायला घेतली. बोळा काळा होत गेला, तसं तिला वाटलं, काय हा मळ! मळ कसला, लाख विरघळत होती. मधला अख्खा पट्टा धुऊन निघाला. आई ओक्साबोक्शी रडली. आत्या म्हणाली, "वहिनी, पूस डोळे. फुटली नाही ना? मग वाजेल."

आणि वाजवलीच. गाणं मध्यावर आलं की गाणाऱ्या बाईचा आवाज बुडायचा, नुसती खरखर उरायची. तेवढ्या खरखरीत आत्या स्वतः गायची. गणपतीतल्या झाकडी नाचाच्या चालीवर, टाळ्या देत, मोठ्यानं:

"घोव माझा बंदरावर, मी गं खिडकीपाशी..."

झालं! बाबा पिसाळायचेच बाकी राहिले. आधी जाझ, त्यात विधवेनं नवऱ्याचं गाणं म्हणायचं, तेही रस्त्याला ऐकू जाईल असं! पण गल्लीतली क्रेओल पोरं ती ओळ आली की बाहेरून ठेका धरायची. मला आत्याचा त्या वेळी इतका अभिमान वाटायचा की काय सांगू.

आत्याला मूलबाळ नव्हतं. घराची किल्ली ती माझ्याकडे ठेवून गेली. तेराव्याची जेवणं उरकली, पाहुणे पांगले, आणि बाबा म्हणाले, "तो ग्रामोफोन आता बांधून ठेव. झालं तेवढं पुरे."

मी उठले. खिडकी उघडली. आर्द्रतेनं फुगलेली फळी करकरली. चावी दिली, सुई ठेवली. बाबा तरातरा बाहेर ओट्यावर गेले आणि पाठ करून उभे राहिले. कर्णे वाजले, पियानो वाजला, बाई गायला लागली. मग ती धुतलेली जागा आली... खरखर. मी तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. खरखर चालूच.

आणि ओट्यावरून, पाठ तशीच ठेवून, बाबांचा आवाज आला. बेसूर, भांडणाच्याच पट्टीत. "घोव माझा बंदरावर..." एक अक्षर चुकले नाहीत. टाळीसुद्धा जागच्या जागी पडली.

तबकडी संपली. बाबांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि माझ्यावर खेकसले, "आता तरी लाव ती खिडकी!"

मी लावली नाही.