फोंड्याच्या गेटवरचं लाल फडकं

मालवण जवळ आलं की बोटीतून आधी पाण्यात बसलेला किल्ला दिसतो, मग किनाऱ्यावरचे माड, मग कौलं. सगळी बोट कठड्याशी गोळा झाली होती. कोणी पोराला खांद्यावर घेऊन किल्ला दाखवत होतं, कोणी हात जोडत होतं. मी माझ्या ट्रंकेवर बसून राहिलो. माणसं प्रवासाला निघतात ती मुलूख बघायला. मी खोटं बोलायला निघालो होतो, आणि ते नीट पाठ झालंय की नाही हे मनाशी घोकत होतो.

ट्रंकेत सदानंदचं सामान होतं. दोन सदरे, एक स्वेटर, दाढीची पेटी आणि विटकं लाल फडकं. सदानंद फोंडाघाटचा. इंग्लंडात मोटारींच्या एका कारखान्यात आम्ही तीन वर्षं एका पाळीत काम केलं, एका खोलीत राहिलो, आणि त्याच्यामुळे मला त्याची मालवणी बोली कळू लागली. मागच्या उन्हाळ्यात तो तिथल्या मोटारींच्या एका मोठ्या शर्यतीत अपघातात गेला. गाडी चालवत नव्हता; वळणावर माझ्या शेजारी उभा होता. त्याच्या वडिलांना पत्र मीच लिहिलं. अपघात होताच शर्यत थांबवली, दवाखान्याची गाडी ताबडतोब आली, सदानंदला यातना झाल्या नाहीत, असं त्यात लिहिलं. तिन्ही गोष्टी खोट्या होत्या.

मालवणला बोट धक्क्याला लागत नाही. ती दूर उभी राहते आणि उतारूंना पडावात (लहान होडीत) उतरवतात. गोव्याची वाट बंद झाल्यापासून बोटीवर गर्दी कमी असते म्हणे, पण पडावात उतरताना त्या कमी गर्दीनेही चेंगराचेंगरी केलीच. ट्रंक माझ्या हातून निसटली आणि तिचा एक कोपरा पाण्यात बुचकळला. मी असा काही ओरडलो की खलाशी हसायला लागला.

"सोना भरलास काय रे तेच्यात?" त्याने विचारलं.

 मी त्याला मनात शिवी दिली.

बंदराजवळच्या एका खानावळीत बांगड्याचं तिखलं (तिखट रस्सा), उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी मिळाली. जेवण उत्तम होतं, हे कबूल करतो. त्या दिवशी मला काहीच उत्तम लागायला नको होतं. जेवण्याआधी ट्रंक उघडून ओले कपडे मागच्या दोरीवर टाकले होते. खानावळीचा मालक वाढता वाढता थांबला आणि त्या लाल फडक्याकडे बघू लागला.

"ह्यो गेटाचो झेंडो मां?" तो म्हणाला. "भिकाजीकडे जातास?"

मी मान हलवली. भिकाजी म्हणजे सदानंदचे वडील, घाटाच्या गेटवरचे गेटवाले.

"एकदम हट्टी माणूस. कोल्हापुराक जाताना बघलंय मी. एकदा साहेबाची जीप उभी करून ठेवल्यान, कित्याक, तर वर गाडीचो बैल पडललो." मालकाने हातातली वाटी खाली ठेवली. "तेच्या झिलासाठी (मुलासाठी) इलायतेत शर्यत थांबवली म्हणतत. सगळे मोटारी उभे केले. खरा काय?"

"खरं," मी म्हणालो.

माझं खोटं माझ्या आधी समुद्रापर्यंत येऊन पोचलं होतं. मी हात धुतला आणि दोरीवरचे कपडे ट्रंकेत भरले.

दुपारच्या मोटारीने कणकवलीमार्गे फोंडाघाटला निघालो. तांबडी धूळ खिडकीतून आत येत होती, माणसं तोंडाला पदर आणि उपरणी लावून बसली होती. बाहेर काजूची झाडं, भाताचे रिकामे कुणगे (खाचरं), मध्येच एखादं देऊळ. एरवी मी दोन पानं भरून वर्णन केलं असतं. त्या दिवशी डोळ्यांपुढे ते वळणच होतं, आणि ते इथे सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

ती शर्यत लढाईतल्या जुन्या विमानतळावर होती. कडेला गवताच्या पेंढ्या रचलेल्या, आणि दर वळणावर तीन-चार माणसांची चौकी. आम्ही दोघे हौसेने अशा चौकीवर कामाला जात असू. चहा फुकट, पाव फुकट, आणि एरवी काचेआडून बघायच्या त्या मोटारी दहा हातांवरून जायच्या. आमच्याकडे पिवळा झेंडा असे. पिवळा म्हणजे पुढे धोका आहे, वेग कमी करा, कोणी कोणाला मागे टाकू नका. लाल म्हणजे शर्यत बंद. सगळ्यांनी हळू होऊन थांबायचं. पण लाल झेंडा चौकीवर नसतोच. तो मनोऱ्यात बसलेल्या मुख्य अधिकाऱ्यापाशी. चौकीवरून दूरध्वनी करायचा, काय झालं ते सांगायचं, आणि तो ठरवणार. इतकंच नव्हे, चौकीवर कोणी लाल कपडासुद्धा घालायचा नाही, चालकाचा गैरसमज होईल म्हणून. सदानंदची भाकरी त्या लाल फडक्यात बांधलेली असायची. ते त्याच्या बापाच्या गेटवरचं जुनं निशाण, घरून निघताना मागून घेतलेलं. चौकीचा गोरा मुकादम पहिल्याच दिवशी म्हणाला, "ते पिशवीत घाल, आणि पुन्हा बाहेर दिसू देऊ नकोस." तेव्हापासून सदानंद पिशवीत तोंड घालून भाकरी सोडायचा आणि आम्ही हसायचो.

नव्वद फेऱ्यांची शर्यत होती. चाळिसाव्या फेरीच्या सुमारास एका मोटारीचं चाक निखळलं. मोटार पेंढ्यांत जाऊन अडकली, चालक चालत बाहेर आला, आणि चाक सदानंदच्या पोटावर बसलं. दवाखान्याची गाडी रस्त्याच्या आतल्या बाजूला उभी होती, आम्ही बाहेरच्या. मध्ये मोटारी धावत होत्या. मुकादमाने मनोऱ्याला दूरध्वनी केला. तिकडून विचारलं, मोटार रस्त्याबाहेर आहे ना? रस्ता मोकळा आहे ना? मग पिवळा दाखवा आणि चालू द्या.

मी पिवळा दाखवला. तासभर दाखवला. शर्यत संपली तेव्हा दवाखान्याची गाडी रस्ता ओलांडून आली. त्याच्या आधी थोडा वेळ तो गेला होता.

फोंडाघाटला उतरलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. बाजार संपतो तिथे घाट सुरू होतो आणि तिथेच गेट आहे. रस्ता अरुंद, म्हणून एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या सोडतात. वरून उतरणाऱ्या शेवटच्या गाडीबरोबर वरचा गेटवाला एक लाकडी पाटी देतो. ती हातात आल्याशिवाय खालचा गेटवाला बांबू वर करत नाही. भिकाजीकाका खाकी कोट घालून, अनवाणी, पाटीची वाट बघत उभे होते. सदानंदचंच कपाळ, सदानंदचीच उभं राहण्याची तऱ्हा. मी नाव सांगितलं.

"इलंस? बरा झाला," ते म्हणाले. "बस. पाटी येवंदे."

पाटी आली, गाड्या सोडल्या, मग आम्ही घरी गेलो. सदानंदच्या आईने पेज आणि फणसाची भाजी वाढली.  स्वेटर तेवढा उचलून ती आत घेऊन गेली. आम्ही दोघे पडवीत बसलो.

"माका एक सांग," काका म्हणाले. "थंय शर्यत थांबवतत ती कशी? मी गेटावरचो माणूस, माका समजात."

मी सांगत गेलो, आणि ते सगळं खरं होतं. मनोऱ्यातून हुकूम होतो, सुरुवातीच्या रेषेवर लाल झेंडा फडकतो, मोटारी हळू होतात, कोणी पुढे जायचं नाही. त्यांनी विचारलं, मग जिंकलो कोण ता कसा ठरवतत? मी सांगितलं, थांबवण्याआधी जी फेरी सगळ्यांची पुरी झाली असेल, तिच्यात जो पुढे तो पहिला. फार थोड्या फेऱ्या झाल्या असतील तर पुन्हा पहिल्यापासून.

"म्हणजे फेरे कमी पडतत."

"हो, पडतात."

"आणि सदूच्या वेळेक?"

"चाळिसाव्या फेरीला थांबवली," मी म्हणालो.

ते उठले, खुंटीवरच्या कोटातून एक घडी केलेला कागद काढून आणला. आमच्या कारखान्याने दुखवट्याच्या पत्राबरोबर वर्तमानपत्रातलं कात्रण पाठवलं होतं. मला त्याची कल्पना नव्हती.

"शाळेतल्या मास्तरान वाचून दाखवल्यान. पहिलो इलो तेणा नव्वद फेरे केल्यान म्हणान लिवलला आसा." कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवला. "मी लोकांका सांगलंय थांबवली म्हणान. तिकाय तसाच सांगलंय." त्यांनी आतल्या दाराकडे मान केली. "आता तू माका खरा सांग."

मग मी सांगितलं. रस्त्यापलीकडची गाडी, तासभर पिवळा झेंडा, सगळं. सांगताना रडलो, आणि त्या रडण्याची मला लाज वाटली, कारण ते रडत नव्हते. त्यांनी ट्रंकेतलं फडकं उचललं, उलगडलं, हुंगलं.

"ह्यो खंय होतो?"

"पिशवीत."

"पिशवी खंय होती?"

"माझ्या पायाशी."

"लाल बघल्यार ते थांबले असते मां?"

"थांबले असते."

"मगे?"

या 'मगे'ला माझ्याकडे उत्तर होतं आणि ते मी दिलं, कारण आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. मी घाबरलो. हुकूम नसताना शर्यत थांबवली तर साहेब काय म्हणतील, नोकरीवरून काढतील, काळ्या माणसाने घोटाळा केला म्हणतील. तासभर ती पिशवी माझ्या पायाला लागत होती आणि मी वाकलो नाही.

 काका फडक्याची घडी करत म्हणाले, "बैल पडलो तरी मी गेट घालतंय (बंद करतो). साहेबाक इचारूची गरज नाय." आवाज चढवला नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं.

एक गोष्ट मात्र मी सांगितली नाही. ती माझ्याकडे ठेवून सकाळच्या कोल्हापूरच्या मोटारीत बसलो.

मोटार गेटवर आली आणि उभी राहिली. बांबू खाली होता. समोर काका उभे होते आणि त्यांच्या हातात सदानंदचं विटकं फडकं होतं. पहिल्या वळणावर एका बैलगाडीचा बैल पाय घसरून पडला होता. मागे मालमोटारी लागल्या, त्यांच्या मागे आणखी एक मोटार. कंडक्टर खाली उतरला.

"भिकाजीकाका, एक बैल तो. बाजून काढतंय गाडी, सोडा."

"बैल उठान बाजूक होयसर (होईपर्यंत) गाडी हलूची नाय."

मोटारीत कुरकुर सुरू झाली. कोणाची कोल्हापूरची आगगाडी चुकणार होती, कोणाची कोर्टातली तारीख. माझ्या शेजारचे गृहस्थ घड्याळ काढून मला म्हणाले, "बघा हो, एका बैलापायी चाळीस माणसं ताटकळतायत! कायदा आहे का काही?" मी खिडकीबाहेर बघत राहिलो. विलायत पाहून आलेला माणूस म्हणून, परतल्यापासून गेले चार महिने सगळे मला तिथल्या शिस्तीबद्दल विचारत होते, आणि मीही मिशीवर ताव देऊन सांगत होतो. त्या शिस्तीत मी मुरलो होतो. रस्ता मोकळा आहे ना, मग चालू द्या. आणि तीन वर्षांत मी तिथून शिकून आलो ते हेच.

तासाभराने बैल उठला. लंगडत कडेला आला, त्याच्या मालकाने पाय चोळला. काकांनी फडकं गुंडाळून काखेत घेतलं, बांबू वर केला, आणि मोटार सुरू होताना माझ्या खिडकीशी आले.

"शेवटाक काय बोललो तो?" त्यांनी विचारलं. "बोललो मां कायतरी?"

मोटार हलली होती. सांगितलं नाही तर आयुष्यभर सांगता येणार नाही, हे मला कळलं.

"गेट घाल, म्हणाला," मी खिडकीतून म्हणालो. "मला म्हणत होता. गेट घाल रे, गेट घाल."

ते तिथेच थांबले. मागच्या गाड्या एकेक करून आमच्या मागे आल्या. पहिल्या वळणावरून मी खाली पाहिलं. रस्ता पार रिकामा होता, बाजारापर्यंत एकही गाडी दिसत नव्हती. काका गेटजवळ गेले, बांबू खाली घेतला, आणि लाल फडकं हातात धरून त्या रिकाम्या रस्त्यासमोर उभे राहिले.