साहेबाचा शब्द

मी चौथीत होते. किन्हवलीच्या आमच्या शाळेत तपासणीला डिप्टीसाहेब आले आणि तोंडी गणितं घालू लागले. गणित त्यांच्या तोंडून पुरतं बाहेर पडायच्या आत माझं उत्तर तयार असायचं. शेवटी ते मास्तरांकडे वळून म्हणाले, ही जीनियस आहे. इंग्रजी शब्द, आणि तोही माझ्यासाठी! घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

संध्याकाळी मास्तर मुद्दाम घरी सांगायला आले. शब्द ऐकून आईला वाटलं, मला नापास केलं. आत्याला वाटलं, पोरीला बाहेरचं काहीतरी लागलंय; ती मला शेणवे गावच्या भगताकडे न्यायला निघालीच. मास्तरांनी घाईघाईनं समजावलं, तसलं काही नाही, ही जन्मतःच मिळालेली देणगी असते, शिकवून येत नाही. झालं! बाबांनी नेमकं तेवढंच धरलं. शिकवून येतच नाही, तर शाळेत जायचं कशाला? उद्यापासून शेतावर यायचं, असा त्यांनी हुकूमच सोडला. मास्तर बिचारे चहा न घेताच गेले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला सातवीची परीक्षा देऊन मास्तरीण व्हायचं होतं, आणि माझं कौतुकच माझ्या मुळावर आलं होतं. पण मी रडले नाही. रडून माझ्या बाबांपुढे कुणाचं काही चाललंय असं मी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाबा एका नव्या गोऱ्ह्याला नांगराची सवय लावत होते. थोराड बैलाच्या जोडीला जुंपलेला तो सारखा नांगराच्या तासाबाहेर, आडवातिडवा पळत होता. मी बांधावर बसले ती बसलेच. कामाला हात लावला नाही, भाकरीलाही नाही. बाबा दोनदा ओरडले, तरी हलले नाही. मग ते काठी घेऊन जवळ आले, तेव्हा म्हटलं, "बाबा, त्या गोऱ्ह्याच्या अंगात ताकद जल्मापासूनच हाय ना? मंग त्याला कशाला शिकवता?"

त्यांनी काठी मारली नाही; ती बांधावर टाकून ते परत गोऱ्ह्याकडे वळले.

दुसऱ्या सकाळी मला पुढे घालून ते स्वतः शाळेत आले. सगळ्या पोरांदेखत दारात उभं राहून मास्तरांना म्हणाले, "सायबाला सांगा, तो शब्द परत घे म्हनावं. आमच्या पोरीला जल्मापासून काय येत नाय. तुमी तिला शिकवा."