वरळीपर्यंत तीन काठ्या

आमच्या लालबागच्या चाळीत मासे खाणारे सगळेच, पण मासे धरायला जाणारे एकटे माझे बाबा. बाकीच्यांचा मासा बाजारातून पिशवीत यायचा, आमचा रविवारी काठीवरून यायचा. नाही आला तर आई मुकाट्याने शेगडीवर पिठलं चढवायची. बाबा गिरणीत साच्यावर होते. आठवडाभर कापड विणायचं आणि रविवारी वरळी कोळीवाड्याच्या पलीकडे, किल्ल्याखालच्या खडकांवर गळ टाकून बसायचं, हा त्यांचा संसार. आमचा संसार त्यात मधेमधे बसवलेला आहे, असं आई म्हणायची.

त्यांच्याकडे गावाहून आणलेल्या बांबूच्या तीन काठ्या होत्या. लोक एक काठी घेऊन जातात, हे तिन्ही घेऊन निघायचे, आणि तिन्ही घरूनच सज्ज करून. एकीला जड शिसं, तळाशी फिरणाऱ्या शेंगाळ्यासाठी. दुसरीला बाटलीचं बूच, पाण्याच्या वरच्या अंगाला येणाऱ्या बोयटांसाठी. तिसरीला जाड दोरा आणि मोठा गळ, तो तांबोशीसाठी. तांबोशी त्यांना आयुष्यात फार थोड्या वेळा मिळाली असेल, पण तिच्याविषयी ते रोज बोलत. वरळीचा खडक दोरा खातो. गळ कपारीत अडकला की दोरा तोडून द्यायचा, ती काठी बाजूला ठेवायची आणि दुसरी उचलायची. खडकावर बसून गाठी मारत बसणं म्हणजे भरती वाया घालवणं, असं त्यांचं मत होतं.

"एक काठी म्हणजे एक चूक," ते म्हणायचे. "तीन चुका घेवन निघाचा, मगे दिवस फुकट जायत नाय."

न्यायची पद्धतही ठरलेली. दोरा काठीच्या अंगाने ताणून घ्यायचा, गळ मुठीजवळ बांधलेल्या बुचात खुपसायचा, आणि तिन्ही काठ्या आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी एकत्र बांधायच्या. बुडखे पुढे, शेंडे मागे. एकदा घाईत एक गळ बुचातून सुटला आणि गॅलरीत वाळत घातलेलं शेजारच्या आजोबांचं धोतर बाबांच्या मागोमाग थेट नाक्यापर्यंत गेलं. आजोबा पंचा गुंडाळून मागे धावत होते, पण हाक मारायची त्यांची छाती होत नव्हती. कारण दुसरा एक नियम होता, आणि तो सगळी चाळ पाळायची.

काठ्या खांद्यावर घेऊन निघालेल्या बाबांना 'कुठे चाललात' असं विचारायचं नाही, मागून हाकसुद्धा मारायची नाही. बाबांच्या गावी खाडीवर निघालेल्या माणसाला कुणी 'खंय' म्हणत नसे. म्हटलं तर तो दिवस गेला. तसं बाहेर पडणाऱ्याला 'कुठे' म्हणू नये हे आपल्याकडे सगळेच मानतात, पण चुकून कुणी म्हटलंच तर लोक क्षणभर टेकतात, पाण्याचा घोट घेतात आणि पुन्हा निघतात. बाबांना ते मान्य नव्हतं. ते तिथूनच मागे फिरायचे, काठ्या जागेवर टांगायचे आणि भिंतीकडे तोंड करून झोपून जायचे. खालच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या मास्तरांनी बिचाऱ्यांनी एकदा हौसेने विचारलं, तर त्या दिवशी आमच्या घरात कुणी कुणाशी बोललं नाही. आईची तर गोष्टच वेगळी. तिने लग्न झाल्यापासून नवऱ्याला हा प्रश्न कधी विचारलाच नव्हता. काठ्या नसल्या तरी नाही, गिरणीत निघाले तरी नाही. तिची ती सवयच मोडली होती.

मी मॅट्रिकला बसले त्या सुमारास बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला. बाहेर संयुक्त महाराष्ट्राची चळवळ जोरात होती. नाक्यानाक्यावर सभा, भिंतींवर गेरूने रंगवलेल्या घोषणा, आणि आमच्या गॅलरीत लहान मुलंसुद्धा 'झालाच पाहिजे' म्हणत जेवायला बसायची. साच्यावरचा तुटलेला धागा बाबांना दिसेनासा झाला, तेव्हा त्यांना तिथून काढून गोदामाच्या दाराशी बसवलं.  त्या शनिवारी बाबांनी गळ आणि दोरा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "तू बांध गो." तेव्हापासून काठ्या मी सज्ज करू लागले. गाठ आवळण्याआधी तिला थुंकी लावायची, मग हळूहळू ओढायची. मी बांधलेली प्रत्येक गाठ ते बोटांनी चाचपायचे आणि बऱ्याचदा पुन्हा सोडायला लावायचे. मला राग यायचा, पण मी बांधायचे.

मग एकदा शहरात जमावबंदी लागली. काठ्या, सळ्या घेऊन रस्त्यावर फिरायला मनाई झाली. त्या रविवारी बाबा नेहमीसारखे निघाले आणि आईचा भात व्हायच्या आत परत आले.

"पुलार पोलीस असत," एवढंच म्हणाले.

चाळीत संतापाची लाट उसळली. मासे धरणाऱ्या म्हाताऱ्यालाही सोडत नाहीत म्हणजे काय! एकाने तर या प्रश्नावर वेगळा मोर्चा काढायची तयारी दाखवली. बाबा मात्र शांत होते, आणि मला तेच बघवत नव्हतं. पुढे मनाई कधी सैल व्हायची, कधी पुन्हा लागायची, पण बाबा काही वरळीला गेले नाहीत. गोदामातून यायचे, गॅलरीत कठड्याकडे तोंड करून बसायचे. जेवायला हाक मारली तर यायचे, नाही मारली तर बसून राहायचे. आई मला म्हणाली, "तुझो बापूस बसल्या जागी म्हातारो झालो गो." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तेव्हाच ठरवलं, बाबांना वरळीला न्यायचंच. डोळे जायचे असतील तर जाऊ देत, पण या माणसाने आपण होऊन अंधारात जाऊन बसायचं नाही.

शनिवारी मी त्यांना न विचारता तिन्ही काठ्या सज्ज केल्या. रविवारी सकाळी चहा झाल्यावर त्या खांद्यावर घेतल्या आणि म्हटलं, "चला बाबा. आज काठ्या मी घेते. मुलीला कोण अडवतंय?"

"आणि धरून नेलान तर?" आई म्हणाली.

"तर सोडवायला ये."

बाबा नको नको म्हणत होते, पण मी गॅलरीतून चालायलाही लागले होते, आणि त्यांच्या काठ्या माझ्या हातात होत्या. निमूट मागे येण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं. चाळीतले सगळे दारात उभे. एका काकांनी तोंड उघडलं, तर काकूंनी त्यांना चिमटा काढला.

करी रोडच्या पुलाशी पोलीस होतेच. त्यांतल्या हवालदाराने हात आडवा केला.

"ए पोरी, थांब. कुठं चाललीस ह्या काठ्या घेऊन?"

मी रात्रीच भाषण तयार केलं होतं. त्यात कायदा होता, गरिबाचं पोट होतं, आणि शेवटी थोडं रडणंही होतं. त्यातलं काहीच लागलं नाही. "वरळीला, मासे धरायला," म्हटलं आणि बुचात खुपसलेला गळ दाखवला. खरा आहे का ते बघायला हवालदाराने त्याला बोट लावलं आणि "आई गं!" करून हात झटकला. त्याच्या जोडीदाराला हसू आवरेना.

"जा बाई, जा," हवालदार बोट चोखत म्हणाला. "फक्त गर्दीत शिरू नकोस, कुणाचा तरी डोळा काढशील."

एवढं सोपं होतं? मी विजयाने मागे वळले, तर बाबा नव्हते. ते लालबागच्या दिशेने परत चालले होते, खाली मान घालून, फुटपाथच्या कडेकडेने. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी काठ्या सावरत धावले आणि भर रस्त्यात त्यांच्यापुढे उभी राहिले.

"बाबा, त्या दिवशी पोलिसांनी तुम्हाला अडवलं होतं, की नुसतं विचारलं होतं?"

बाबांनी मान आणखी खाली घातली. मग म्हणाले, "इचारल्यान."

मला असा संताप आला! सगळी चाळ ज्यांना शिव्या घालत होती त्यांनी फक्त 'कुठे' म्हटलं होतं. पण ओरडून उपयोग नाही हे मला कळत होतं. या माणसाचा हट्ट मोडणारा अजून जन्मायचा होता. त्याच्या नियमातूनच वाट काढायला हवी होती.

"हे बघा," मी म्हटलं, "आज प्रश्न मला विचारलाय. काठ्या माझ्या खांद्यावर आहेत. अपशकुन झाला असेल तर तो माझा. आज मी गरवणार, गळ मी टाकणार, तुम्ही नुसते सोबतीला."

"तुका येता?"

"नाही."

"मगे?"

"मग काय? तीन चुका आहेत माझ्याकडे."

बाबांच्या ओठाचा कोपरा हलला. ते हसले असं मी म्हणणार नाही, पण ते वळले. पुढे आम्ही लोअर परळवरून वरळी नाक्यापर्यंत चालत गेलो. बुडखे माझ्या खांद्यावर आणि मागचे शेंडे त्यांच्या हातात. गर्दी आली की मी काठ्या उभ्या धरायचे, मोकळं झालं की पुन्हा खांद्यावर. बाबा रस्त्याकडे बघतच नाहीत, काठ्या जिकडे वळतील तिकडे वळताहेत, हे माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं. मग मी खड्डे टाळून, हळू चालायला लागले. कोळीवाड्यात नेहमीच्या कोळणीकडून आमिषाला कोळंबी घेतली. "लय दिसांनी आलास रं भाऊ," ती म्हणाली. कुठे, का, असलं तिने काही विचारलं नाही. दर्यावरची माणसं ती.

खडकावर मी पहिली काठी टाकली आणि गळ लगेच कपारीत गेला. ओढला, हिसडला, शिव्या दिल्या, शेवटी दोरा तोडला. दुसरीचं बूच बघता बघता बुडालं. मी जिवाच्या आकांताने काठी उपसली तर दोरा वर आला, गळ नाही. गाठ माझीच सुटली होती. बाबा मागच्या सपाट दगडावर बसून होते. एरवी त्यांनी माझी सालटी काढली असती. त्या दिवशी मात्र ते समुद्राकडे तोंड करून वेगळंच बोलू लागले.

"पोलिसान इचारल्यान ना, तेवा माका बरा वाटला गो. माका परतच जावचा होता. त्याच्या आदल्या खेपेक ह्या खडकार पाय खंय ठेवचो ता दिसत नाय होता. पडलंय असतंय तर?" थोडं थांबून ते म्हणाले, "भियालंय मी."

माझा राग कुठल्या कुठे गेला. बाबा घाबरतात हे मला त्या दिवसापर्यंत माहीतच नव्हतं. मी त्यांचा हात धरून त्यांना पाण्याजवळच्या खडकावर आणलं, बसवलं, आणि तिसरी काठी त्यांच्या हातात दिली.

"अपशकुन तुझो," ते म्हणाले.

"माझा संपला. दोन काठ्यांत फिटला. ही तुमची."

बाबांनी काठी घेतली, गळ टाकला, दोऱ्यावर तर्जनी ठेवली आणि डोळे मिटले. मला वाटलं ऊन लागत असेल. पण ते तसेच बसून राहिले, डोळे घट्ट मिटून, आणि त्यांचा चेहरा मी कितीतरी महिन्यांनी सैल झालेला पाहिला. पाणी चढत होतं. मी दर लाटेला 'लागला का' म्हणत होते आणि ते 'गप' म्हणत होते. मग त्यांनी मनगट जरासं वळवलं, एवढंच, आणि काठी वाकली. तांबोशी नव्हती. शेंगाळा होता, तोही बेताचाच. बाबांनी डोळे न उघडता त्याचा काटा चुकवून त्याला नेमका धरला आणि गळ सोडवला.

"डोळे होयेतच कित्याक?" ते म्हणाले. डोळे हवेतच कशाला! आणि आता मात्र ते खरोखर हसले. मी रडले. वाऱ्यामुळे त्यांना ऐकू गेलं नसावं.

पुढच्या रविवारी मी पुन्हा काठ्या सज्ज केल्या. बाबांनी त्या स्वतः खांद्यावर घेतल्या, दारापर्यंत गेले आणि उंबऱ्यात थांबले.  परत फिरतात की काय? बाबा वळले, पण माझ्याकडे नाही. शेगडीशी बसलेल्या आईकडे.

"इचार," ते म्हणाले.

"काय?"

"माका इचार, खंय चललंय ता."

आईने हात पदराला पुसले. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. गॅलरीतून शेजारी डोकावत होते.  मग ती खाकरली.

"खंय चललात?"

"दर्यार," बाबा म्हणाले. "जेवच्या येळेक येतंय."

आणि त्यांनी उंबरा ओलांडला. मी मागचे शेंडे धरले. आम्ही जिन्यापर्यंत पोचतो न पोचतो तोच आई बाहेर आली आणि कठड्यावरून वाकून विचारू लागली, कोणाबरोबर चललात, कोणत्या वाटेने, उशीर झालो तर मी काय समजू, माझी आठवण येता काय थंय बसल्यावर. सगळी चाळ ऐकत होती. आम्ही जिना उतरेपर्यंत ती विचारतच राहिली, आणि बाबा खालून एकेकाचं उत्तर देत राहिले.