शालननं शिवणक्लास बंद केला त्याची गोष्ट

“माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट,” पुण्याचे मेंदूचे डॉक्टर म्हणाले आणि आमच्या चेहऱ्यांकडे बघून थांबले. नव्वदचं दशक संपत आलं होतं, आणि हे नाव आम्ही नगरमध्ये कुणाच्याच तोंडून ऐकलं नव्हतं.

शालन, माझी बायको, तेव्हा साठीला आलेली. तिनं एवढंच विचारलं, “म्हंजी मी आईसारखी न्हाई ना हुनार?”

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. वयाच्या मानानं विसरणं थोडं जास्त झालंय, पण रोजची कामं स्वतःची स्वतः करता येतात, ही ती अवस्था. हा डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, नव्हे. काहींचं पुढे वाढतं, काहींचं वर्षानुवर्षं तेवढंच राहतं, काहींचं सुधारतंही. शालनचं काय होईल हे आज सांगता येणार नाही.

माझ्या जिवात जीव आला. शालननं मात्र डोळ्यांना पदर लावला. डॉक्टरांना वाटलं, घाबरली. ती कशासाठी रडत होती ते मला ठाऊक होतं.

मी नागापूरच्या एमआयडीसीत लेथवर काम करणारा टर्नर होतो. घराच्या पुढच्या खोलीत शालनचा शिवणक्लास चाले. वस्तीतल्या कितीतरी पोरी तिथं कात्री धरायला शिकल्या. बुद्धपौर्णिमेला विहारात निम्म्या बायकांच्या अंगावर तिच्याच हातचे ब्लाऊज असत.

मग एकदा लग्नाचा ब्लाऊज तिनं दुसरीच्याच मापानं कापला. पोरींची नावं अडखळू लागली. सांगितलेलंच ती पुन्हा सांगे. शालनच्या आईनं म्हातारपणी पोटच्या लेकरांना ओळखलं नव्हतं. शालननं ते जवळून बघितलं होतं. आधी डॉक्टरला दाखवू, असं मी कितीदा म्हणालो. डॉक्टर वेगळं काय सांगणार, असं तिचं म्हणणं. लोक हसायच्या आत आपणच उठावं, असं तिनं ठरवलं. क्लास बंद केला, आणि मशीन कर्जतला भावाच्या मुलीला, वैशालीला, देऊन टाकलं.

त्यानंतर ती घराबाहेर पडेना. शेवटी आमच्या वस्तीतल्या नेहमीच्या डॉक्टरांनीच घरी येऊन तिला तपासायचं मनावर घेतलं. रक्ताच्या तपासण्या झाल्या. थायरॉईड किंवा बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व कमी असलं तरी माणूस विसरतं, म्हणून ते बघितलं; तसं काही निघालं नाही. मग पुण्याला सीटी स्कॅन, म्हणजे मेंदूचे फोटो. नंबर यायची वाट बघत बाकावर बसलो की शालन मनातल्या मनात नातवंडांची नावं म्हणे. ओठ हललेले दिसत.

यावर खात्रीची गोळी नाही, असं पुण्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. रोज चाला, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगानं. हात न टेकता खुर्चीवरून उठा-बसा. आणि मेंदूलाही काम द्या.

मेंदूच्या कामासाठी नगरला एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे जायचं ठरलं. त्या गोष्ट वाचून दाखवत आणि थोड्या वेळानं ती परत सांगायला लावत. बाजाराची यादी मनातल्या घरात मांडून ठेवायला त्यांनी शिकवलं. साबण शेगडीवर, वांगी गादीवर ठेवलीत असं डोळ्यांपुढे आणायचं. शालनला आधी हा पोरखेळ वाटला. पण बाजारात गेली की तिला गादीवरची वांगी बरोबर दिसत, आणि ती स्वतःशीच हसे.

सकाळी कंपनीच्या रस्त्यानं आम्ही दोघं चालत असू. सुरुवातीला ती माझ्या मागे राहायची. पावसाळा सरता सरता मला म्हणावं लागलं, जरा हळू चल.

पुन्हा चाचणी झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, “वाढलेलं नाही. उलट थोडं सुधारलंय.”

तिनं विचारलं, “मग शिवता येईल मला?”

“येईल की. सोडलंत कशाला?”

पुढच्या रविवारी आम्ही कर्जतला गेलो. वैशालीनं दुकान थाटलं होतं. हाताखाली दोन पोरी, समोर लग्नसराईच्या कपड्यांचा ढीग. “आत्या, तुमचं मशीन हाय, घिऊन जा,” ती मनापासून म्हणाली. शालननं नको म्हणून मान हलवली, एका ब्लाऊजची शिवण उलटून बघितली, चांगली आहे म्हणाली.

परतीच्या एसटीत मी म्हणालो, आपण नवं मशीन घेऊ.

“मशीन मिळंल वो,” ती म्हणाली. “पोरी कुटून आनायच्या?”

तिच्या पोरी दुसऱ्या क्लासला गेल्या होत्या, काही सासरी. तो क्लास पुन्हा उभा राहिला नाही. चालणं आणि बाईंचे खेळ मात्र चालू आहेत. अजून ती कधीकधी अडते, पण अडली म्हणून घाबरत नाही.

त्या डॉक्टरांचे आणि बाईंचे आमच्यावर उपकार आहेत. हळहळ एवढीच की आम्ही त्यांच्यापर्यंत उशिरा पोचलो. ओळखीत कुणी विसरायला लागल्याचं कानावर आलं की शालन आपणहून त्यांच्या घरी जाते. फार बोलत नाही. “आदी डाक्टरला दाखवा,” एवढंच सांगते, “तवर हातातलं काम सोडू नका.”