ठाणेदार नावाची झूल

ठाणेदार नावाचा बैल मी कधी पाहिला नाही. पण पोळा जवळ आला की तो मला हटकून आठवतो.

मी तेव्हा भोकरदन भागात पोलीस ठाण्याचा प्रभारी, म्हणजे लोकांच्या भाषेत ठाणेदार होतो. जाफराबादकडच्या एका शेतकऱ्याने फसवणुकीची तक्रार दिली. फेसबुकवर बैलांच्या झुलींचे फोटो पाहून त्याने आगाऊ पैसे पाठवले होते. झूल आली नाही, फोनही बंद. पैसे भलत्याच्याच खात्यात गेलेले आणि बँकेचे उत्तर यायला वेळ लागणार. तेवढ्यात खबऱ्याने सांगितले, फोटोतले भरतकाम आमच्याच गावातल्या एका चाचांचे आहे. झुली आणि गोंडे करण्यात त्यांची हयात गेली होती.

चाचांना चौकशीला बोलावले.

"फोटो माझेच हायेत साहेब, बिलकुल माझेच. पण त्या पैशाचं मला ठावं न्हाई."

"मग फोटो तिकडे गेले कसे?"

"पोरीनं मला धंदेवाल्यांच्या ग्रुपात टाकलंय. मार्केटिंग व्हतं म्हणली. रोज फोटो टाकून राह्यलो, समद्यांचे अंगठे येतात."

"आणि गिऱ्हाईक?"

"एक बी न्हाई. तिथं समदे विकायलाच बसलेत."

हसू आले, पण दाबले. साळसूद चेहऱ्याची माणसे मी पुष्कळ पाहिली होती. पोळा तोंडावर होता. चाचांची वर्षाची विक्री त्याच आठवड्यात राजूरच्या बाजारात व्हायची. अटक दाखवली असती तर संध्याकाळपर्यंत बाजारभर त्यांचे नाव खराब झाले असते. सोडले आणि तेच लबाड निघाले, तर तक्रारदाराला काय तोंड दाखवायचे?

चाचांचा फोन माझ्या टेबलावर ठेवून घेतला. हवालदारांनी गिऱ्हाईक बनून त्या फेसबुकवाल्याला लिहिले, "बैलाचे नाव भरलेली झूल पाहिजे. आधी फोटो दाखवा." आमच्याकडे लोक हौसेने असे नाव भरून घेतात. नाव कोणते, असे त्याने विचारले. हवालदारांनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि बेधडक लिहिले, "ठाणेदार". हे नाव बैलाला कोणी ठेवत नाही.

चहा संपतो न संपतो तोच चाचांचा फोन वाजला. ग्रुपातल्या एका सदस्याचा खासगी निरोप होता, "चाचा, मोठं गिऱ्हाईक आलंय. ठाणेदार नावाची झूल करा. फोटो जल्दी पाठवा."

खरे सांगतो, माझा जीव भांड्यात पडला.

हा गडी गावातच जाहिराती करून द्यायचा. चाचांच्या प्रत्येक फोटोला पहिला अंगठा त्याचाच. ठाण्यात आणल्यावर त्याने आधी कानांवर हात ठेवले. हवालदारांचा आणि चाचांचा फोन शेजारी मांडले तेव्हा सगळे कबूल केले. चाचांचा जबाब साक्षीदार म्हणून नोंदवला आणि हवालदारांनी त्यांना मोटारसायकलवर घरी सोडले.

आता भाचा विचारतो, मामा, धंद्याच्या ऑनलाइन ग्रुपात मार्केटिंग होते का? मी सांगतो, ओळखी होतात, वाहवा होते. पण कोण कशासाठी वाहवा करतो, ते बघत जा. आणि मग त्याला राजूरची गोष्ट सांगतो.

पोळ्याच्या बाजारात बंदोबस्ताला गेलो, तर चाचांच्या दुकानापुढे ही गर्दी. पुढेच 'ठाणेदार' लिहिलेली झूल टांगलेली. लोक वाचून हसायचे, थांबायचे आणि आपापल्या बैलांसाठी झुली घेऊन जायचे. आमचा तक्रारदारही तिथेच घासाघीस करत होता. ते पाहून फार बरे वाटले.

"चाचा, ती पुढची मला द्या," मी म्हणालो.

"दुसरी कोणती बी घ्या साहेब," चाचा म्हणाले. "ही विकली तर मंग लोकं थांबतील कशाला?"