पडलेलं पीस

आमच्या माळावर पिवळ्या छातीचा एक पक्षी आहे, तो आमची, इथल्या मूळ लोकांची, लाकोटा भाषा बोलतो. यात नवल कसलं? इथंच जन्मला, इथंच वाढला, तो दुसरं काय बोलणार? वसंतात कुंपणाच्या खांबावर बसून तो पाहुण्यारावळ्यांची चौकशी करतो. माझे भाऊजी, डेलमर लोन हिल, रोज सकाळी कॉफीचा कप घेऊन पायरीवर बसतात आणि त्याला हळू आवाजात उत्तरं देतात. आतून माझी ताई ॲर्डिस म्हणते, माणसांशी बोलायचं तर यांच्या जिवावर येतं, पाखराशी बघा कशा गप्पा रंगल्यात.

भाऊजी अबोल आणि मी तोंडाळ. आमच्यात मेव्हणीनं भाऊजींची टिंगल करायचीच असते. केली नाही तर लोक विचारतात, काय गं लव्हॉन, घरात काही बिनसलं का? मी कितीही टोचून बोलले तरी त्यांनी रागवायचं नाही, उलट टोला हाणायचा, असा रिवाज. मी माझी बाजू कधी सोडली नाही. भाऊजींनी मात्र एकदाही टोला परत दिला नाही. ऐकून घ्यायचे आणि खाली बघायचे. आपण कोण बोलणारे, असं त्यांना वाटत असणार. मला त्याचा फार राग यायचा.

याचं मूळ सैन्यात होतं. भाऊजी व्हिएतनामला लढले, मांडीत लोखंडाचा तुकडा घेऊन परत आले. नोकरीचे थोडे महिने उरले म्हणून त्यांना टेक्ससच्या छावणीत ठेवलं होतं. तिथं एका दुपारी डोळा लागला आणि त्यांना आजी दिसली. ज्या आजीनं त्यांना वाढवलं ती व्हिएतनामातल्या भाताच्या बांधावर अनवाणी उभी होती, आणि म्हणत होती, "पोरा, मला कुणी वाढलंच नाही रे." जागे झाले तर आजी गेल्याचा निरोप आलेला. रजा मागितली. साहेब म्हणाला, आजी जवळच्या नात्यात मोडत नाही.

भाऊजी उठले आणि घरी आले.

गेलेल्या माणसाच्या केसांची बट जपायची, वर्षभर रोज त्याला घास वाढायचा आणि वर्ष सरलं की गावजेवण घालून त्याला वाटेला लावायचं, ही आमची जुनी रीत. भाऊजींनी ती सगळी केली. गावजेवणाच्या दुसऱ्या दिवशी बस धरून छावणीच्या दारात जाऊन उभे राहिले. सैन्यानं त्यांना काढलं आणि कागदावर लिहिलं की हा माणूस सन्मानाला पात्र नाही. ते एक वाक्य भाऊजींनी खरं मानलं.

उन्हाळ्यातल्या आमच्या नाचाच्या मेळ्यात कधीकधी नाचणाऱ्याच्या अंगावरचं गरुडाचं पीस गळून पडतं. मग सगळं थांबतं. ते पीस म्हणजे रणात पडलेला गडी. लढाई पाहिलेल्या माणसांनीच ते उचलायचं, आणि उचलणाऱ्यानं आपली एक कामगिरी सगळ्यांसमोर सांगायची. दरवेळी पुकारा करणारा भाऊजींचं नाव घ्यायचा. दरवेळी भाऊजी माझ्या फ्रायब्रेडच्या, म्हणजे तळलेल्या रोटीच्या, टपरीमागं असायचे. म्हणायचे, पिठाचं पोतं हलवायचंय. त्यांना कुणी कागद मागितला नव्हता. तेच स्वतःकडे मागत होते.

म्हणून उतारवयात त्यांनी सैन्याकडे कागदावरचा तो शेरा बदलून मागायचा अर्ज केला. त्यात विचारलं होतं, तुम्ही सन्मानाला पात्र का आहात ते स्वतःच्या शब्दांत लिहा. भाऊजींनी ती जागा कोरी ठेवली. आमच्यात पिसापुढची कामगिरी सोडली तर आपली थोरवी आपण सांगायची नसते, ती दुसऱ्यानं सांगायची. जो सांगतो त्याला लोक हसतात. अर्ज जसा गेला तसा नाकारून परत आला. ताईनं दुसरा करायला लावला, आणि त्यावर सुनावणी लागली.

कॉलेजच्या एका खोलीत पडद्यावर सुनावणी होती. भाऊजींना आता नीट दिसत नाही, म्हणून गाडी चालवायला मी गेले. पडद्यावर सैन्याच्या मंडळाचे तीन गंभीर चेहरे. मधल्या बाईंनी आदबीनं विचारलं, काय घडलं ते तुमच्या तोंडून ऐकायचंय. भाऊजी खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर गवत नदीसारखं वाहत होतं. आम्हाला गप्प बसण्याची भीती वाटत नाही, पण पडद्यावरची माणसं चुळबुळ करायला लागली. मला वाटलं, आता हे हातचं जाणार.

"बाई," मी म्हटलं, "हा माणूस आज संध्याकाळपर्यंत असाच बसेल. मी बोलू का?"

"आपण कोण?"

"मेव्हणी. याला वाट्टेल ते बोलायचा हक्क जन्मभर मलाच आहे. हा दगड आहे, बाई. याला मांडीत लोखंड लागलं तेव्हाही हा ओरडला नसेल, मागं पडलेल्याला ओढत आणताना लागलं होतं म्हणे, तेही त्या ओढलेल्यानंच येऊन सांगितलं आम्हाला. आणि हा पळाला म्हणता? पळणारा माणूस आपल्या पायांनी परत येतो का?"

मग मी आजीचंही सांगितलं. भाऊजींचे कान लाल झाले होते, पण रिवाजापुढे ते तरी काय करणार? परतताना गाडीत एवढंच म्हणाले की पाऊस येईलसं दिसतंय. आभाळ स्वच्छ होतं.

रानचेरी लाल व्हायला लागल्या तेव्हा पत्र आलं. शेरा बदलला होता. सन्मानानं मुक्त. ताई रडली, मी रडले. भाऊजींनी पत्र साखरेच्या बरणीखाली ठेवलं आणि बाहेर पक्ष्याकडे जाऊन बसले.

मला वाटलं, सुटला माणूस. पण मेळ्यात ताईची नात शायलीन नाचत असताना तिच्या केसातलं पीस गळालं, ढोल थांबला, पुकारा झाला, आणि बघते तर भाऊजी पिठाच्या पोत्याजवळ. माझं डोकं फिरलं.

"भाऊजी, ते पोतं ठेवा खाली. सैन्याचं पत्र हवं होतं, आलं. आता काय गरुडानं पत्र धाडायचंय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. पँटला हात पुसले आणि लंगडत निघाले.

उन्हात धूळ सोन्यासारखी तरंगत होती. सगळे उभे होते, तान्ही पोरंसुद्धा गप्प. भाऊजी त्या धुळीतून जाताना मला क्षणभर वाटलं की ते तरुण आहेत, आणि पलीकडे अनवाणी कुणीतरी उभं आहे. त्यांनी वाकून पीस उचललं. आता मांडीची गोष्ट सांगतील, असं मी ताईला म्हटलं.

"लढाईतलं मी सांगत नाही," भाऊजी म्हणाले. "तिथं दोन्हीकडे पोरंच होती. माझी कामगिरी दुसरी आहे. माझी आजी भुकेली होती. मी उठून घरी आलो आणि तिला जेवायला वाढलं."

ढोलावर एकच ठोका पडला. कामगिरी मान्य झाली की असाच पडतो. मग बायकांनी मानाच्या किलकाऱ्या दिल्या आणि त्यानंतरचं मला धड दिसलं नाही.

भाऊजी टपरीशी परत आले तेव्हा मी तशीच उभी होते. कढईतले फ्रायब्रेड जळून कोळसा झाले होते. त्यांनी वाकून आत बघितलं.

"मेव्हणीबाई," ते म्हणाले, "तुम्ही आमच्या छावणीत स्वयंपाकाला असता ना, तर मी पळालो म्हणून कुणी मला दोषच दिला नसता."