बापूसाहेबांनी मागवलेल्या चाव्या

अण्णांचे किस्से कुणी जमवत बसलं नाही. मांडवी बंदरावरच्या आमच्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात ते भुशासारखे साठत गेले. सकाळी झाडून काढावेत, तर संध्याकाळी पुन्हा तेवढेच! अण्णा तंबोरे-सतारी बघायचे, मी पेटीचे भाते. पण सगळ्यात जास्त भुसा पाडला तो एका गिटारीनं.

*

गिटार फ्रान्सिस मास्तरांची. मुक्या सिनेमाच्या तंबूत पडद्याखाली बसून ते ती वाजवायचे. तारा पिळायच्या चाव्यांचे दाते झिजलेले. वर नायिका रडायला लागली की खाली तार उतरायची आणि लोक हसायचे. शेवटी तंबूचे मॅनेजर बापूसाहेब यांनी बजावलं, शनिवारच्या खेळाला तार उतरली तर मास्तरांनी गोव्याची बोट धरावी. घरात बायको, दोन मुली, आणि पोट सगळं या नोकरीवर. नवी गिटार घ्या, असंही सांगून झालं.

मास्तर म्हणाले, "बापानं पणजीत हीच वाजवली. मी इथं हीच वाजवणार."

मला तो माणूस तिथंच आवडला.

*

अण्णांनी उभ्या जन्मात गिटार उघडली नव्हती. पण तसं कबूल करतील तर ते अण्णा कसले! तंबोऱ्याची खुंटी सरकायला लागली की तिला खडू लावतात. अण्णांनी तोच खडू गिटारीच्या दात्यांत कोंबला. आत जुनं तेल. दोन्हींचा लगदा झाला आणि चावी जी बसली ती बसलीच. मग पकड लावली, तर चावीचं टोकच तुटून हातात आलं. मी कपाळाला हात लावला.

अण्णा तुकडा न्याहाळत म्हणाले, "बरं झालं. आता बदलायच्या की नाय, हा प्रश्नच मिटला."

*

बापूसाहेबांनी मुंबईहून आगबोटीनं नव्या चाव्या मागवल्या. चकचकीत पितळ, काय तो रुबाब! पण त्यांचे दांडे गिटारीच्या जुन्या भोकांशी जुळेनात. बापूसाहेबांनी मास्तरांसह दुकानात येऊन हुकूम सोडला, गिटारीला नवी भोकं पाडा, मुंबईचा माल चुकत नसतो.

अण्णांनी गिरमिट उचललं, मास्तरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि परत खाली ठेवलं. "म्हाताऱ्या गिटारीच्या डोक्याला मी भोक पाडणार नाय. कुणाला काय सांगायचं ता सांगा."

बापूसाहेब तणतणत गेले. शनिवार दोन दिवसांवर आलेला. अण्णांनी शिसवी लाकूड काढलं, तंबोऱ्याला असतात तशा सहा खुंट्या जुन्याच भोकांच्या मापानं कातल्या आणि खडू लावून बसवल्या. या खेपेला खडू योग्य जागी लागला.

*

शनिवारी नायिका नेहमीपेक्षा जास्तच रडली. मी मुद्दाम पुढे बसलो होतो. तार हलली नाही, कुणी हसलं नाही. खेळ संपल्यावर मास्तर गिटार पोटाशी धरून बसून राहिले.

रविवारी बापूसाहेब दुकानात आले. सवयीनं दाराच्या चौकटीवरच्या पितळी खुंटीला टोपी अडकवली आणि ऐसपैस बसले.

"शेवटी पाडलीत ना भोकं? मुंबईचा माल तो मुंबईचा माल. तार केसभर हलली नाही!"

मी भात्यात तोंड खुपसलं. अण्णांनी रंधासुद्धा थांबवला नाही.

"माल मजबूत हाय खरा," ते म्हणाले. "तुमची टोपी त्यावरच टांगलीय."